डोळे उघडे ठेव, ताई!

पुण्यातल्या कुठल्याही स्पोर्ट्सच्या दुकानात जा आणि तायक्वांदोचा बेल्ट मागा. काउंटरवरचा माणूस एवढंच विचारतो, "कुठला कलर?" पिवळा म्हणालात तर पिवळा, काळा म्हणालात तर काळा. सर्टिफिकेट दाखवा, असं कुणी म्हणत नाही. ज्या काळ्या पट्ट्याच्या नुसत्या उल्लेखाने पार्टीत चार माणसं मागे वळून बघतात, तो इथे प्लॅस्टिकच्या पिशवीत, घडी घालून, दोन मिनिटांत हातात पडतो. वर "अजून काही?" हे आहेच.

मग या बेल्टला किंमत येते कुठून? दोन वर्षं आठवड्यातून तीन संध्याकाळी अनवाणी पायांनी घाम गाळल्यावर मला याचं एक उत्तर सापडलंय. ते ऑफिसात बसणाऱ्यांनाही लागू पडतं, म्हणून इथे सांगतेय.

आधी थोडा इतिहास. कारण हा रंगांचा फंडा वाटतो तेवढा पुरातन नाही बरं का! 'शिष्याचा पांढरा पट्टा वर्षानुवर्षं न धुतल्यामुळे मळत मळत काळा झाला' ही गोष्ट प्रत्येक क्लासमध्ये कुणीतरी सांगतंच. गोष्ट गोड आहे, पण खरी नाही. ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांनी 1882 मध्ये जपानात कोदोकान ही संस्था काढली आणि पुढच्याच वर्षी दोन शिष्यांना पहिली 'दान' श्रेणी दिली. मधले रंगीबेरंगी टप्पे आले ते कितीतरी नंतर. त्यांचं श्रेय साधारणपणे मिकिनोसुके कावाइशी यांना देतात. हे गृहस्थ 1930 च्या दशकात पॅरिसमध्ये ज्युदो शिकवत होते. विद्यार्थ्यांचा उत्साह टिकायचा तर आपण कुठवर पोचलो हे त्यांना दिसायला हवं, म्हणून रंग. थोडक्यात काय, तर ट्रेनी, एक्झिक्युटिव्ह, सीनिअर एक्झिक्युटिव्ह!

कोरियावर 1910 ते 1945 जपानचं राज्य होतं. त्या काळात कराटे शिकलेल्या कोरियन मंडळींनी स्वातंत्र्यानंतर आपापल्या शाळा काढल्या. 1955 मध्ये 'तायक्वांदो' हे नाव पुढे आलं. ते म्हणजे पाय, क्वॉन म्हणजे मूठ, दो म्हणजे मार्ग. 1972 मध्ये सोलमध्ये कुक्कीवॉन हे मुख्य केंद्र उभं राहिलं. 1988 च्या सोल ऑलिंपिकमध्ये हा खेळ प्रात्यक्षिकापुरता होता, 2000 च्या सिडनी ऑलिंपिकपासून त्याला पदकं मिळायला लागली. पट्ट्यांची शिडी मात्र जपानी मार्शल आर्टमधून आली ती तशीच राहिली. आपल्याकडच्या बहुतेक क्लासेसमध्ये ती अशी असते: पांढरा, पिवळा, हिरवा, ग्रीन वन, निळा, ब्लू वन, लाल, रेड वन आणि मग काळा.

तीन महिन्यांत एक रंग

मी फ्रीलान्स लिहिते. म्हणजे मला बॉस नाही, अप्रेझल नाही, प्रमोशनचे पेढे नाहीत. लेख गेला की गेला. बरा झाला की वाईट, हे पुढचं काम मिळतंय की नाही यावरून ओळखायचं. त्यामुळे दर काही महिन्यांनी कुणीतरी आपली परीक्षा घेणार आणि कमरेला नवा रंग बांधणार, ही कल्पनाच मला भारी वाटली होती. वजन कमी करणं वगैरे कारणं मी लोकांना सांगायचे. खरं कारण हे.

माझा पहिला क्लास एका सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये भरायचा. दर तीन महिन्यांनी परीक्षा. फी भरली की फॉर्म, फॉर्म भरला की परीक्षा, परीक्षा दिली की बेल्ट. नऊ महिन्यांत मी पिवळा, हिरवा आणि ग्रीन वन असे तीन रंग पार केले. त्या नऊ महिन्यांत नापास झालेलं पोर मी एकही पाहिलं नाही. स्पारिंग तर नव्हतंच. हवेत किक मारायच्या, मोठ्याने ओरडायचं, शेवटी ग्रुप फोटो.

तिथल्या सरांना व्हिलन ठरवायचा माझा इरादा नाही. हॉलचं भाडं, मॅट, ड्रेस आणि समोर सहा वर्षांची पस्तीस पोरं. महिन्याची फी वाढवली की पालक शेजारच्या स्केटिंगला जातात. परीक्षेच्या फीवर मात्र कुणी घासाघीस करत नाही, कारण तिच्या बदल्यात घरी काहीतरी दिसणारं येतं. ज्याला नापास केलं ते पोर पुढच्या महिन्यात येत नाही आणि बऱ्याचदा जाताना दोन मित्रांनाही घेऊन जातं. हे गणित एकदा कळलं की गल्लोगल्ली इतके रंगीत पट्टे का दिसतात ते कळतं. आणि दुसऱ्या बाजूला हेही बघा: 2000 पासून 2024 च्या पॅरिसपर्यंत सात ऑलिंपिक झाली, पण तायक्वांदोत एकाही भारतीयाला तिथवर पोचता आलेलं नाही. अपवाद म्हणावा तर पॅरालिंपिकचा. टोकियोत 2021 मध्ये हरियाणाची अरुणा तंवर तिथे तायक्वांदोच्या मॅटवर उतरली, आणि तो मान मिळवणारी ती पहिली भारतीय.

मी घर बदललं, कोथरूडला आले, म्हणून क्लास बदलला. नवा क्लास एका शाळेच्या हॉलमध्ये. संध्याकाळी साडेसहाला आधी सगळ्यांनी मिळून लाल-निळ्या मॅट जिगसॉसारख्या जोडायच्या, मग रांगेत उभं राहायचं. पुढे वरचे बेल्ट, मागे खालचे. त्यामुळे माझ्या पुढे आठवीतली एक मुलगी आणि शेजारी पाचवीतला एक मुलगा. भिंतीलगतच्या बाकांवर आयांची रांग. पहिल्या दिवशी त्यातल्या एका काकूंनी मला विचारलं, "तुमचं कुठलं?" म्हणजे यातलं मूल कुठलं! मी म्हटलं, "मीच."

कमांड कोरियन. चार्योत म्हणजे सावधान, क्योंग-न्ये म्हणजे नमस्कार, शिजाक म्हणजे सुरू. पोरांच्या तोंडी त्या 'चार्योत'चं हमखास 'चॅरियट' होतं. सर ते कधीच सुधारत नाहीत. त्यांचं सगळं लक्ष पायांकडे.

दोन मिनिटं किती मोठी असतात

शुक्रवार स्पारिंगचा. कोरियनमध्ये त्याला क्योरुगी म्हणतात. अंगावर होगू, म्हणजे छातीपोटाला बांधायचं जाड कवच. डोक्याला हेड गार्ड, हातापायांना गार्ड, दातांना माउथ गार्ड. क्लासच्या सामायिक हेड गार्डचा वास कसा असतो ते इथे लिहीत नाही, तुम्ही कदाचित जेवताना वाचत असाल.

नियम सोपे. मूठ फक्त छातीपोटावर चालते, तोंडावर नाही. कमरेखाली काहीही नाही. मुठीचा 1 गुण, धडावर किक बसली की 2, डोक्यावर बसली की 3. अंग गर्रकन फिरवून मारलेल्या किकला त्याहून जास्त. पळत सुटलात, पडलात, धरून ठेवलंत तर पेनल्टी, आणि तिचा गुण समोरच्याला. मोठ्या स्पर्धांमध्ये आता होगू आणि हेड गार्डमध्ये सेन्सर असतात, ते पायमोज्यातल्या सेन्सरशी बोलतात आणि धडक किती जोरात बसली ते मोजतात. आमच्याकडे सर बोटांवर मोजतात.

एक फेरी दोन मिनिटांची. दोन मिनिटं म्हणजे काय हो? लिफ्टची वाट बघण्याएवढा वेळ! पण समोर कुणीतरी तुम्हाला लाथ मारायलाच उभं असेल तर दोन मिनिटांत आख्खा पावसाळा जातो. पहिल्या चाळीस सेकंदांत श्वास संपतो. घोटून पाठ केलेल्या सुंदर सुंदर किक्स जातात कुठे देव जाणे. उरतो एकच विचार, ही आता काय करणार?

'ही' म्हणजे माझ्या पुढे उभी राहणारी आठवीतली मुलगी. दोन वेण्या, गोल चश्मा आणि लाल पट्टा. चश्मा काढून पाण्याच्या बाटलीशेजारी ठेवायची आणि मग जी काही बदलायची की विचारू नका. पहिल्या शुक्रवारी तिची दोल्यो चागी, म्हणजे गोल फिरून बाजूने येणारी किक, माझ्या होगूवर फाडकन बसली. लागलं नाही फारसं, पण आवाज हॉलभर घुमला. आया बघायला लागल्या. दुसरी बसली, तिसरी बसली. चौथी आली ती थेट हेड गार्डवर.

काल्यो! थांबा.

"ताई, लागलं का?" तिने माउथ गार्डमधूनच विचारलं. मी मान हलवली. मग ती जवळ येऊन अगदी हळू म्हणाली, "ताई, तू डोळे मिटतेस. किक यायच्या आधीच मिटतेस."

सरांच्याही ते लक्षात आलं होतं. दोन महिन्यांनी परीक्षेची यादी लागली तेव्हा तिच्यात माझं नाव नव्हतं. मी विचारायला गेले. ब्लू बेल्टसाठी लागणारा फॉर्म, तेगुक साम जांग, मला तोंडपाठ होता. फी भरायची तयारी होती. सर म्हणाले, "मॅडम, फॉर्म चांगला आहे तुमचा. पण फायटिंगच्या वेळी तुम्ही इथे नसताच. डोळे उघडे राहायला लागले की बसा परीक्षेला." बस. आवाज चढवला नाही, समजूतही काढली नाही. पुढच्या मुलाकडे वळले.

राग आला का? आला की! मी सत्तावीस वर्षांची, आणि आठ-दहा वर्षांची पोरं परीक्षेला बसणार. घरी येऊन मैत्रिणीला फोनवर अर्धा तास ऐकवलं. ती आयटीतली. शांतपणे म्हणाली, "पण त्यांनी नेमकं काय चुकतंय ते सांगितलं ना? माझ्या मॅनेजरने तीन वर्षं मला 'मीट्स एक्स्पेक्टेशन्स' दिलंय. अजून कळलेलं नाही, कसली एक्स्पेक्टेशन आणि कुठे मीट."

हे मात्र डोक्यात राहिलं.

मान खाली घालून

डोळ्यांसमोर काही झपकन आलं की पापणी मिटते. तो शरीराचा साधा रिफ्लेक्स आहे, डोळा वाचवण्यासाठीच असतो. तो पूर्ण जात नाही, सरावाने त्याचा जोर कमी होतो. त्यासाठी सरांनी मला एक व्यायाम लावून दिला. हेड गार्ड घालून भिंतीला पाठ लावून उभं राहायचं. माझ्या चेहऱ्यापासून हातभर अंतरावर सर किकिंग पॅड धरणार आणि ती दोन वेण्यांवाली त्यावर किक मारणार. मी हलायचं नाही. फक्त मोठ्याने सांगायचं, कुठला पाय आला. उजवा. डावा. डावा. उजवा. डोळे मिटले की उत्तर चुकणार. इतकं सोपं.

पहिल्या आठवड्यात दहातली सहा उत्तरं ठोकून दिलेली. ती पोरगी हसून हसून खाली बसायची. तिसऱ्या आठवड्यात मला किकच्या आधीची गोष्ट दिसायला लागली. किक पायातून सुरू होतच नाही. आधी खांदा किंचित वळतो, मागची टाच उचलते, मग कंबर फिरते, आणि पाय सगळ्यात शेवटी येतो. म्हणजे समोरचा आपल्याला आधी सांगतो आणि मग मारतो. बघणाऱ्याला ते कळतं, डोळे मिटणाऱ्याला फक्त फटका कळतो.

अशाच एका संध्याकाळी भिंतीला टेकून उभी असताना मला माझ्या आजीचं वाक्य आठवलं. मी शाळेत जायला निघाले की दारातून ती रोज म्हणायची, "मान खाली घालून जायचं, मान खाली घालून यायचं." रोज. प्रेमानेच म्हणायची ती. तिच्या परीने तोच सेल्फ डिफेन्सचा क्लास होता. कॉर्नरवर पोरं उभी असली की खाली बघ. बसमध्ये कुणी टक लावून बघत असेल तर खिडकीबाहेर बघ. मीटिंगमध्ये कुणी आवाज चढवला की वहीत बघ. मी अगदी गुणी विद्यार्थिनी होते. या परीक्षेत मला नेहमीच डिस्टिंक्शन.

गैरसमज नको. तायक्वांदो शिकलं की रस्त्यावर चार गुंडांना लोळवता येतं, असं कुणी सांगत असेल तर त्याच्या क्लासला जाऊ नका. मॅटवर पंच असतो, कवच असतं, तोंडावर मूठ मारायची नसते, आणि समोरचा आधी वाकून नमस्कार करतो. रस्त्यावर यातलं काहीच नसतं. तिथे गर्दीकडे पळणं आणि आरडाओरडा करणं हेच पहिलं आणि शहाणपणाचं. मॅटवर मला मिळालं ते याहून लहान आहे. माझ्या दिशेने काहीतरी येतंय आणि मी त्याच्याकडे बघू शकते. बघितल्यामुळे ते कमी जोरात लागत नाही. पण ते कुठून येतंय ते कळतं, आणि अर्धं पाऊल सरकायला वेळ मिळतो.

एका कामाचे पैसे सात महिने थकले होते. मी दर वेळी मेल टाकून गप्प बसायचे. त्या काळात एकदा जाऊन समोर बसले आणि उत्तर येईपर्यंत बघत राहिले. ओरडले नाही. पंधरा दिवसांनी चेक आला. श्रेय तायक्वांदोला द्यायचं की त्यांच्या अकाउंट्सवाल्यांना, तुम्ही ठरवा.

परीक्षेचा रविवार

पाच महिन्यांनी यादीत माझं नाव आलं. रविवारी सकाळी आठला शाळेचा हॉल गच्च भरलेला. इस्त्रीचे पांढरे डोबोक, बाहेरून आलेले परीक्षक, टेबलावर बिसलेरीच्या बाटल्या, बाहेर वडापावची गाडी. आधी बेसिक किक्स, मग फॉर्म, मग स्पारिंग, वरच्या बेल्टसाठी फळी फोडणं आणि शेवटी तोंडी प्रश्न.

माझं साम जांग व्यवस्थित झालं. किक, लगेच दोन ठोसे, वळा, परत. स्पारिंगला माझ्यासमोर उंच बांध्याची कॉलेजातली एक मुलगी. मी हरले, 4 गुण विरुद्ध 9. पण त्या नऊच्या नऊ गुणांतल्या किक्स येताना मला दिसल्या होत्या. दोन चुकवल्याही. परीक्षक काहीतरी लिहीत होते. सरांनी लांबूनच स्वतःच्या डोळ्याकडे बोट दाखवलं आणि मान डोलावली. मला निळा बेल्ट मिळाला.

त्या दिवशी तिघं नापास झाले. दोन छोटी मुलं, आणि तिसरी ती दोन वेण्यांवाली. रेड वनसाठी तिला तेगुक युक जांग करायचा होता. त्या फॉर्मच्या मध्यावर एक विचित्र जागा आहे. सगळा वेग थांबतो, दोन्ही पाय समांतर ठेवून हात अगदी सावकाश खाली उघडायचे, आणि तिथून पुन्हा उसळायचं. ती ते सावकाश सुंदर करून थांबली आणि थांबूनच राहिली. पुढचा पाय कुठला, ते आठवेना. परीक्षकांनी पुन्हा सुरुवातीपासून करायला सांगितलं. पुन्हा तिथेच.

निकालानंतर तिचे बाबा सरांकडे गेले. "तिची फायटिंग बघितलीत ना? सगळ्यांना हरवते. एवढ्याशासाठी नापास? फी भरलीय आम्ही." मी बूट घालत शेजारीच उभी होते. सर म्हणाले, "पुढच्या वेळची फी घेणार नाही. पण आज दिला तर तिला माहीत असेल की असाच दिला." बाबा काही बोलले नाहीत. ती कोपऱ्यात चश्मा पुसत होती. बराच वेळ पुसत होती.

बेल्टला किंमत कुठून येते, ते मला तिथे कळलं. ज्या हॉलमध्ये 'आज नाही' असं म्हणता येतं, त्याच हॉलमधल्या 'हो'ला वजन असतं. माझे आधीचे तीन रंग कपाटात आहेत, टाकून दिलेले नाहीत. पण कुणी मला कितवा बेल्ट म्हणून विचारलं, तर मी मनात निळ्यापासून मोजायला सुरुवात करते. तुमच्या ऑफिसात कुणी तुम्हाला नेमकं बोट ठेवून 'हे अजून जमत नाही' असं सांगत असेल, तर त्या माणसाला सांभाळून ठेवा, बॉस. 'ऑल गुड' म्हणणारे पैशाला पासरी मिळतात.

परीक्षेनंतरच्या मंगळवारी मी मुद्दाम लवकर गेले. वाटलं होतं, ती येणार नाही. एरवी मुलं येत नाहीतच. हॉलमध्ये दिवे लागले होते आणि मॅट निम्म्या जोडून झाल्या होत्या. ती एकटीच गुडघ्यांवर बसून लाल तुकड्यात निळा तुकडा अडकवत होती. कमरेला तोच लाल पट्टा, घट्ट बांधलेला. मला बघून म्हणाली, "ताई, तुझा निळा मस्त दिसतोय." मग उभी राहिली, पाय समांतर ठेवले, हात सावकाश खाली उघडले, आणि उजवा पाय उचलला.

"हा होता," ती म्हणाली. "उजवा."